मॉरिशसला राहायला जाताय? घर नंतर, आधी वारा बघा

कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खात बसलो होतो, तेव्हा भाचीनं फोन पुढे केला. मॉरिशसमध्ये एबेन या ऑफिसांच्या गावातल्या एका कंपनीत नोकरी लागलेली, जूनमध्ये निघायचं आणि घर 'जवळपास फायनल'. फोटोत निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाला बांधलेला झोपाळा.

"मावशी, गॅलरीतनं समुद्र दिसतोय बघ."

"बेटाच्या कुठल्या अंगाला आहे?"

"म्हंजे?"

तिनं नकाशा मोठा करून बघितला. बेल मार. पूर्व किनारा. ॲडव्हान्स दुसऱ्या दिवशी पाठवणार होती. भेळ संपेपर्यंत ते घर रद्द झालं.

आम्ही मॉरिशसला सहा वर्षं राहिलो आणि तेवढ्यात तीन घरं केली. पहिलं चुकलं, दुसरं अर्धं चुकलं, तिसरं जमलं तोवर परत यायची वेळ झाली. तेव्हापासून राजारामपुरीत आमच्याकडे वर्षातनं दोघे-तिघे तरी हाच प्रश्न घेऊन येतात. दरवेळी चहाबरोबर तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

पायरी १ : नकाशावर डोंगर आणि वारा शोधा

मुख्य बेट लांबीला साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. म्हणजे कोल्हापुरातून गगनबावडा गाठून घाट उतरायला लागलात की बेट संपलं. एवढ्याशा जागेत हवा ती काय बदलणार, असं वाटतं. पण कोल्हापूरकरानं तरी असं म्हणू नये. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला पावसाची धार तुटत नाही आणि त्याच वेळी शिरोळचा शेतकरी आभाळाकडे बघत असतो. ढग डोंगरावर आपटून रिकामे होतात आणि पलीकडच्यांना कोरडा वारा मिळतो. मॉरिशस हे त्याचंच छोटं मॉडेल आहे.

तिथे वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून वारा येतो. तो आधी पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर धडकतो, मधल्या पठारावर चढताना पाऊस टाकतो आणि पश्चिमेला उतरतो तोवर कोरडा झालेला असतो. पठारावर काही ठिकाणी वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्या आत. अंतर मात्र गाडीनं तासाभराचंही नाही.

आमचं पहिलं घर क्युरपीपला होतं. हे गाव पठारावर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ कोल्हापूरच्याच उंचीवर. आम्ही डिसेंबरात पोचलो. लक्षात घ्या, तिथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. खाली किनाऱ्यावर घामाच्या धारा आणि क्युरपीपला मस्त गारवा. आमचे हे म्हणाले, अगदी आपली हवा. केलं घर पक्कं.

जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, एका सकाळी चपलांचं कपाट उघडलं. यांची करकरणारी कापशी चप्पल, सुभाष रोडवरनं मुद्दाम करून घेतलेली, तिच्यावर पांढरट हिरवी लव आलेली. बोटानं पुसली तर चामड्यात डाग उतरलेला. मग एकेक वस्तू काढून बघत गेले. लग्नाच्या अल्बमचा कोपरा, पट्टे, कपाटामागची भिंत, सगळीकडे तेच. कांदा-लसूण मसाल्याची बरणी तेवढी वाचली, कारण वर तेलाचा थर होता. धुतलेली जीन्स तिसऱ्या दिवशी वाळायची आणि तरी तिला कुबट वास यायचा. तिथले लोकच थट्टेनं म्हणतात, क्युरपीपला दोनच ऋतू: छोटा पावसाळा आणि मोठा पावसाळा. उंची कोल्हापूरची आणि पाऊस गगनबावड्याच्या जातीचा, हे आमच्या ध्यानात यायला सात महिने लागले.

तेव्हा पहिलं काम हे. घराचा एकही फोटो बघायच्या आधी नकाशाची प्रिंट काढा. आग्नेयेकडून एक मोठा बाण काढा, मधलं पठार रंगवा आणि नोकरीच्या जागेवर फुली मारा. पुढच्या सगळ्या गोष्टी या कागदावर ठरतात.

पायरी २ : भाग निवडा, गाव नंतर

उत्तर, म्हणजे ग्राँ बे, पेरेबेर, त्रू ओ बिश. ऊन भरपूर, हॉटेलं-दुकानं भरपूर, परदेशी लोकही भरपूर. एकट्या तरुण माणसाला आवडेल. भाडं मात्र पर्यटकांच्या खिशाकडे बघून ठरतं, आणि एबेनला नोकरी असेल तर रोजची रपेट मोठी होते.

पश्चिम, म्हणजे फ्लिक आँ फ्लाक, तामारँ, ब्लॅक रिव्हर. सगळ्यात कोरडा भाग. इथे कपडे दोन तासांत वाळतात, पापडसुद्धा घालता येतात, मी घातलेत. हिवाळ्यात स्वर्ग. जानेवारी-फेब्रुवारीत पठारापेक्षा चार-पाच अंश जास्त गरम, एसीशिवाय झोप नाही. आमचं दुसरं घर इथलं, त्याबद्दल पुढे सांगते.

पूर्व किनारा, बेल मार आणि त्रू दो दूस, हा फोटोत सगळ्यात देखणा. पण जून ते सप्टेंबर इथे समोरून वारा झोडपत असतो. भाची नेमकी जूनमध्ये पोचणार होती. झोपाळ्याचा फोटो उन्हाळ्यातला होता, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय संध्याकाळनंतर बस नाही आणि ऑफिस बेटाच्या दुसऱ्या अंगाला. सुट्टीत चार दिवस जा, राहायला नको.

दक्षिणेला माएबुर आणि ब्लू बे विमानतळाच्या जवळ आहेत. शांत, जुनं, स्वस्तातलं. सुयाकच्या बाजूला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, त्यामुळे समुद्र थेट कड्यावर आपटतो. बघायला भारी, पोहायला नाही.

पोर्ट लुई ही राजधानी. व्यापार, बाजार, बंदर सगळं तिथे, पण डोंगरांच्या वाटीत बसलेलं शहर असल्यानं तापतं, आणि मोठा पाऊस आला की पाणी त्याच वाटीत उतरतं. नोकरी तिथे असली तरी राहायला वरच्या गावांत जा, तिथलेही बरेच लोक तसंच करतात.

उरला मधला पट्टा: रोझ हिल, कात्र बोर्न, वाकोआ, फिनिक्स, एबेन, मोका. पर्यटकांच्या माहितीपत्रकात यांना जागा नसते, कारण इथे समुद्र नाही. संसार करायला मात्र हाच पट्टा. कात्र बोर्न पठाराच्या उतारावर आहे, किनाऱ्याइतकं तापत नाही आणि क्युरपीपइतकं भिजत नाही. आमचं तिसरं, जमलेलं घर इथलं. खिडकीतनं कोर द गार्द डोंगर दिसायचा आणि बाजार चालत गाठता यायचा. पहिल्याच दिवशी मी तिथे भेंडीला 'लालो', दोडक्याला 'पिपांगाय' आणि कारल्याला 'मारगोझ' म्हणायला शिकले. समुद्राला जायचं तर अर्ध्या तासात फ्लिक आँ फ्लाक.

माझं मत विचाराल तर नोकरी एबेन, मोका किंवा पोर्ट लुईला असली की पहिलं वर्ष कात्र बोर्न नाहीतर रोझ हिल. नोकरीच हॉटेलात, किनाऱ्यावर असेल तर वेगळं गणित.

पायरी ३ : सकाळी साडेसातला रस्ता मोजा

फ्लिक आँ फ्लाकचं घर अर्धं का चुकलं? हवा मिळाली, पण रस्ता अंगावर आला. नकाशावर वीस-बावीस किलोमीटर. रविवारी दुपारी आम्ही ते अंतर पंचवीस मिनिटांत कापलं आणि खुशीत सही केली. सोमवारी सकाळी त्याच रस्त्याला एक तास दहा मिनिटं लागली. बेट लहान असलं तरी सगळी ऑफिसं एकाच पट्ट्यात आणि सगळे एकाच वेळी निघणार. आपल्याकडे कावळा नाक्यावर संध्याकाळी काय होतं तेच तिथे सकाळी होतं.

म्हणून घर पसंत पडलं की कामाच्या दिवशी, सकाळी साडेसातला, त्या दारातून निघून ऑफिसच्या दारात पोचून बघा. येतानाही तसंच. नकाशाच्या ॲपवर वेळ टाकून अंदाज येतो, पण एकदा स्वतः जाच.

मेट्रो हा मोठा आधार आहे. २०२० च्या सुरुवातीला पोर्ट लुई ते रोझ हिल सुरू झाली, २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत पोचली आणि पुढच्याच वर्षी एबेन-रेद्वीचा फाटा जोडला गेला. बांधकाम आपल्या लार्सन अँड टुब्रोचं. स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर घर मिळालं तर पहिली काही वर्षं गाडीशिवाय निभतं. खेड्यांकडच्या बसा मात्र संध्याकाळी लवकर संपतात, तेव्हा शिफ्टची नोकरी असेल तर हे आधी विचारा. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात, तेवढी तरी सवय मोडावी लागत नाही.

पायरी ४ : कोल्हापुरात बसून वर्षाचा करार करू नका

ही सगळ्यात छोटी आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारी पायरी. पहिले सहा-आठ आठवडे महिन्याच्या भाड्यानं मिळणाऱ्या सामानासकट जागेत काढा. थोडे पैसे जास्त जातील. क्युरपीपच्या करारातून बाहेर पडताना आमचे त्याहून बरेच जास्त गेले. घरमालकाला ओल दाखवली तर म्हणाला, खिडक्या उघडत नाही तुम्ही. उघडल्या तर ढगच आत यायचे.

शक्य असेल तर वाईट मोसमात पोचा. पठार बघायचं तर जुलै-ऑगस्टात, किनारा बघायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत. वाईट दिवसांत जे घर सहन झालं ते चांगल्या दिवसांत आवडणारच.

पायरी ५ : घर बघायला गेलात की काय तपासायचं

इथे घाई नको. एक तास द्या, आणि एजंटला बाहेर उभं राहू दे.

आधी ऊन. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, २० अंश दक्षिणेवर. आपल्याकडे थंडीत ऊन दक्षिणेच्या खिडकीतून घरात येतं, तिथे उत्तरेच्या. जून-जुलैत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि घराची दक्षिण बाजू महिनोन्महिने सावलीत राहते. क्युरपीपला आमच्या झोपायच्या खोलीला एकच खिडकी होती, दक्षिणेची. वास्तू बघणारे बघोत, पण हे लक्षात ठेवा: गच्चीवर सोलर हीटर असेल तर त्याच्या काचेचं तोंड कुठे आहे ते बघा, तीच उत्तर. त्या बाजूला झोपायच्या खोल्या आणि कपडे वाळत घालायची जागा असली की निम्मं काम झालं.

मग ओल. नव्या रंगाचा वास आला तर खूश होऊ नका, संशय घ्या. कपाटाचं दार उघडून नाक आत घाला. भिंतीत बसवलेल्या कपाटाची मागची बाजू हातानं दाबून बघा. स्लॅबला पोपडे, कोपऱ्यात पिवळा ओघळ, फरशीजवळ फुगलेला रंग, हे सगळं आपल्याला ओळखीचं आहे.

किनाऱ्यावरचं घर असेल तर गंज बघा. बिजागऱ्या, खिडकीच्या ग्रिलचे खालचे कोपरे, एसीचं बाहेरचं खोकं. फ्लिक आँ फ्लाकला आमच्या मिक्सरच्या तळाचे स्क्रू वर्षभरात असे गंजले की कारागिरानं ड्रिलनं काढले. खारा वारा पहिल्या रांगेतल्या घरांना सगळ्यात जास्त लागतो. जाहिरातीत 'प्ये दाँ लो' असं दिसेल, म्हणजे 'पाय पाण्यात', समुद्राला अगदी खेटून असलेलं घर. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीत ज्यांचे पाय खरोखर पाण्यात होते, त्यांना याचं फार कौतुक वाटणार नाही. पाण्यापासून दहा मिनिटं आत गेलात की गंज कमी, भाडं कमी.

पुराचं आपल्याला शिकवायला नको. आपण जसं भिंतीवरची २०१९ ची रेघ दाखवतो, तसं तिथेही विचारायचं. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत अचानक आलेल्या लोंढ्यात ११ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात त्याच शहरात गाड्या रस्त्यावरून वाहत गेल्या. घराजवळ ओढा, नाला, खोलगट वळण असेल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, बेलालच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं. एजंटला विचारू नका. तो म्हणेल, आलंच नव्हतं.

वादळाचा मोसम नोव्हेंबर ते मे. १९६० च्या कॅरोल वादळात हजारो हलकी घरं उडून गेली आणि त्यानंतर बेटावर सिमेंटच्या स्लॅबची चाल पडली. तुम्हीही स्लॅबचंच घर घ्या, पत्र्याचं कितीही गोड दिसलं तरी. मोठ्या काचांच्या दारांना बाहेरून शटर आहेत का आणि ती खरंच सरकतात का, हे स्वतः ओढून बघा. आमच्या वेळी इशारे चार वर्गांत यायचे. तिसरा लागला की बस बंद, ऑफिस बंद, सगळे घरात. दीड-दोन दिवस वीज-पाण्याशिवाय काढायची तयारी त्या घरात होते का, असं बघायचं.

त्यावरून पाणी. पावसाळ्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, बऱ्याच भागांत नळाला ठरावीक वेळच पाणी असतं. थेट पाइपलाइनची वर्षानुवर्षं वाट बघितलेला कोल्हापूरकर पाण्याची वेळ विचारायला लाजणार नाही. छपरावर टाकी किती लिटरची, मोटर आहे का, आणि टाकी एकट्याची की तिघांत. झाकण उघडून आत बघा. डासांच्या अळ्या असतील तर तिथल्या तिथे बोला, कारण डेंग्यू आणि चिकुनगुन्या दोन्ही तिथे होतात.

शेजारी ऊस असेल तर? आपल्याला उसाचं काय कौतुक, पण तिथला गळीत हंगाम उलटा, जून ते डिसेंबर. मे महिन्यात उसाच्या हिरव्या भिंतीआड लपलेलं घर ऑक्टोबरात उघडं पडतं. काही फड तोडीआधी पेटवतात, मग काळी काजळी वाळत घातलेल्या साड्यांवर. साप मात्र विषारी नाहीत, ही एक मोठी सोय.

आणि प्लग. तिथे तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश सॉकेट असतात, आपले गोल पिनांचे प्लग बसत नाहीत. व्होल्टेज तेच. ॲडॉप्टर इथूनच चार घेऊन जा.

पायरी ६ : कागद

करार बहुतेक वेळा फ्रेंचमध्ये येतो. न कळता सही करू नका. इंग्रजी प्रत मागा किंवा ऑफिसातल्या कुणाकडून वाचून घ्या. पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि एजंटची फी, हे एकदम द्यावं लागतं. फीवर १५ टक्के कर वेगळा असू शकतो, तो आकड्यात धरलाय का ते विचारा. मुदतीआधी घर सोडलं तर किती पैसे जातात, ही ओळ शोधून काढा. घराचे, खास करून भिंतींचे आणि गाद्यांचे, ताबा घेतानाचे फोटो तारखेसकट मालकाला मेलवर पाठवून ठेवा.

विकत घ्यायची घाई तर नकोच. परदेशी माणसाला तिथे वाटेल ते घर घेता येत नाही, बहुतेक वेळा सरकारनं ठरवलेल्या योजनांतलं घ्यावं लागतं. रहिवासाचा परवाना मिळण्याइतकं घर घ्यायचं तर किमान ३,७५,००० अमेरिकन डॉलर लागतात. समुद्रालगतचा ८१.२१ मीटरचा पट्टा तर मुळात सरकारी, त्यावरची बरीच घरं भाडेपट्ट्यावर उभी आहेत. 'बीचवर प्लॉट मिळतोय' असं कुणी सांगितलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

पायरी ७ : माणसं

आईवडिलांना नेणार असाल तर हॉस्पिटल किती लांब, हे समुद्राच्या आधी बघा. कात्र बोर्न-वाकोआच्या मध्ये कांदोसला व्हिक्टोरिया हॉस्पिटल आहे, हेही त्या पट्ट्याच्या बाजूनं मत देण्याचं एक कारण.

आता मराठी माणसांबद्दल. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर मजूर गेले, त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. पश्चिमेला ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, कास्कावेलच्या बाजूला त्यांची जुनी वस्ती. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, प्राथमिक शाळांतही. पण रोजची बोली क्रेओल. शेजारीण मराठी आहे म्हणून मी पहिल्या दिवशी घडाघडा बोलत सुटले. ती हसून ऐकत राहिली आणि शेवटी 'देव बरे करो' एवढंच म्हणाली. पुढे तिच्याकडूनच मी क्रेओल शिकले आणि तिला पुरणपोळी शिकवली. तिच्या मते ती गोड केलेली ढोल पुरी, म्हणजे तिथली डाळ भरलेली पातळ पोळी, होती. यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

मराठी वस्ती बघून घर निवडू नका, सणाला जायला बेट पुरेसं लहान आहे. घर निवडताना शेजारच्या गल्लीतून संध्याकाळी सात वाजता एकदा चालून या. दिवे लागलेले दिसतात का, पोरं खेळतात का, भटकी कुत्री किती. किनाऱ्यावरच्या काही वसाहती मोसम नसताना अगदी ओस पडतात आणि एकट्या बाईला तिथे राहणं जड जातं.

भाची जूनमध्ये गेली. दोन महिने रोझ हिलला महिन्याच्या भाड्यानं राहिली, सात घरं बघितली, सातही नाकारली. परवा आठव्याचा फोटो आला. कात्र बोर्न, पहिला मजला, मेट्रो चालत आठ मिनिटं, उत्तरेला गॅलरी आणि तिच्यात दोरीवर वाळत घातलेला कुणाचातरी टॉवेल. खाली तिनं लिहिलं होतं, "मावशी, समुद्र दिसत नाही, पण टॉवेल वाळलाय." मी उत्तर पाठवलं: टाकीचं झाकण उघडून बघितलंस का?